पेपर कसा आला होता? तुम्ही विचारलंत म्हणून

जानेवारीत, एप्रिलमध्ये, मग मेमध्ये दोनदा. इंजिनिअरिंगच्या जेईई आणि मेडिकलच्या नीट या प्रवेशपरीक्षांच्या या ठरावीक संध्याकाळी माझा फोन वाजतो आणि पलीकडून कोणी तरी विचारतं, "सर, पेपर कसा आला होता?" (आमच्या इंदुरात पेपर 'येतो'. पुण्याच्या पाहुण्यांना हसू येतं. येऊ दे.) मी "अजून पाहिला नाही" म्हणतो आणि फोन ठेवतो. सर भाव खातात, क्लास बंद केल्यापासून अभ्यास सुटला, नवा पॅटर्न त्यांना कळत नाही, असं आमच्या रामबाग वस्तीत बोललं जातं. परवा हळदीकुंकवाला आमच्या हिलाही कोणी तरी ऐकवलं. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

आधी कबुली. एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलं, त्यातली निदान पंधरा मी हाच धंदा केला. पेपर सुटला की वार्ताहराचा फोन. 'फिजिक्स लांबलचक, केमिस्ट्री सरळ, मॅथ्सनं घाम फोडला' असं मी सांगायचो आणि सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी माझं नाव छापून यायचं. फार आवडायचं. तो पेपर मी पंख्याखाली, चहा घेत, चुकलं तर खोडून पुन्हा करत सोडवलेला असायचा. आणि त्यावर 'सोपा' म्हणायचो.

आता म्हणाल, सोपं-कठीण काही तर असेलच ना? असतं. आयआयटीत नेणाऱ्या जेईई ॲडव्हान्स्डमध्ये २०१६ साली खुल्या गटात रँकच्या यादीत यायला ३७२ पैकी ७५ मार्क पुरले, पुढच्याच वर्षी ३६६ पैकी १२८ लागले. २०१८ला ३६० पैकी १२६वर रेघ ओढली, तर यादी इतकी तोकडी निघाली की रेघ ९०वर आणावी लागली. पेपर काढणाऱ्या आयआयटीवाल्यांचा अंदाज चुकतो, तिथं माझी काय कथा! पण म्हणून ७५वाला पोरगा १२८वाल्यापेक्षा कच्चा ठरत नाही. तिच्या आधीच्या जेईई मेनमध्ये तर प्रत्येक पाळीचं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या किती पोरांच्या पुढं आहात ते, वेगळं काढतात. पाळी अवघड गेली तर कमी मार्कांतही तेच पर्सेंटाइल मिळतं. कठीणपणाचा हिशेब माझ्या मतावाचून होऊन जातो. हे मी पालकांना फळ्यावर मांडून दाखवलंय. ऐकून घेतात आणि विचारतात, "ते ठीक आहे सर, पण तुम्हाला कसा वाटला?"

मग आता तोंड का बंद केलं ती गोष्ट. वर्ष सांगत नाही, पोरगा ओळखू येईल. ॲडव्हान्स्डचे पेपर तेव्हा कागदावर असायचे. एकाच दिवशी दोन, सकाळी एक, दुपारी एक, मध्ये दोन तासांची सुट्टी. मे महिना. सेंटरच्या फाटकाबाहेर एक कडुनिंब आणि त्याच्या सावलीत तीसेक कुटुंबं. त्याची आई पन्ह्याचा थर्मास आणि डबा घेऊन बसलेली. पोरगा बाहेर आला तो बरा होता. भूकसुद्धा लागली होती त्याला. डबा उघडला, पोळीची सुरळी हातात घेतली, आणि मी विचारलं. दुसऱ्या कोणी नाही, मीच.

"काय रे, फिजिक्स कसं आलं?"

"ठीक सर. एक रिळाचा होता. आतल्या दांड्याला दोरा गुंडाळलाय, तो खालून निघतो..."

"अरे, तो तर आपला!"

आपला म्हणजे असा. दरवर्षी मी हिच्या शिलाई मशीनच्या डब्यातलं रीळ वर्गात न्यायचो, टेबलावर आडवं ठेवायचो आणि खालून निघालेला दोरा हळूच आडवा ओढायचो. पोरांना वाटायचं, दोरा सुटत जाईल आणि रीळ लांब पळेल. ते उलट हाताकडे यायचं. वर्ग 'हॉ' करायचा. तीस वर्षं तो 'हॉ' मी कमावला होता.

"मग? हाताकडे ना?"

"मी दूर जाईल लिहिलंय सर, कारण दोरा..."

"दोरा खालून आहे ना? मग झालं तर! इतका सोपा चुकवलास?"

आणि मी हसलो. मायेनंच हसलो हो, पण भोवती बॅचमधली सहा-सात पोरं उभी होती, तीही हसली. त्यानं वाक्य पुरं केलं नाही. सुरळी परत डब्यात ठेवली आणि झाकण दाबलं. टक् असा आवाज आला, तो अजून आठवतो.

संध्याकाळी पेपर हातात पडला. आकृतीत दोरा आडवा नव्हताच. जमिनीशी ७५ अंशांचा कोन करून वर उचललेला होता, आणि आतली त्रिज्या बाहेरच्या त्रिज्येच्या निम्मी. अशा रिळाची हद्द ६० अंशांवर आहे. त्याच्या खाली हाताकडे येतं, त्याच्या वर गेलात की ते खरंच दूर जातं. पोराचं बरोबर होतं. 'कारण दोरा' याच्या पुढं त्याला 'वर उचललाय' एवढंच म्हणायचं होतं. मी माझं रीळ ऐकलं, त्याचं ऐकलंच नाही.

दुपारचा पेपर त्याला चांगला गेला नाही. यादी थोडक्या मार्कांनी हुकली. आता, दुपारचा पेपर सगळ्यांनाच जड होता, त्याचं मॅथ्स पहिल्यापासून कच्चं होतं, हे सगळं मी स्वतःला कितीदा तरी सांगून झालंय. तो इथंच इंजिनिअर झाला, पुण्यात चांगल्या नोकरीला आहे, दिवाळीत पाया पडायला येतो. त्याची आई म्हणते, "तुमच्यामुळे नाही हो सर, ऊन बाधलं त्याला." ऊन होतंही खूप.

तेव्हापासून तोंड बंद. आणि इथंच थांबलो असतो तर माझी बाजू छान दिसली असती.

पण ४ मे २०२५. नीटच्या दिवशी दुपारी इंदुरात वादळ आलं, कितीतरी सेंटरांत वीज गेली. प्रकरण हायकोर्टात गेलं, फेरपरीक्षेचा आदेश झाला, पुढं दोन न्यायमूर्तींच्या खंडपीठानं तो रद्दही केला. आमच्या खालच्या मजल्यावरची पोरगी त्या संध्याकाळी भिजून घरी आली. अंधारात डोळे ताणून पेपर दिला होता तिनं. जिन्यात मला गाठून म्हणाली, "काका, फिजिक्स सगळ्यांनाच कठीण गेलं असेल ना?" मी म्हणालो, "अजून पाहिलं नाही." एवढंच.

सगळ्यांनाच गेलं होतं. २०२४ला आधी ६७ जणांना ७२०पैकी ७२० मिळाले होते, २०२५ला देशात पहिला आलेला ६८६वर थांबला. माझ्या एका शब्दानं तिला रात्री झोप लागली असती. एका पोरासाठी केलेला नियम मी दुसऱ्या पोरीच्या तोंडावर मारला. ही म्हणाली, "तुमचं बोलणंही तुमच्यासाठीच होतं, आता गप्प बसणंही तुमच्यासाठीच." मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

यंदा मेमध्ये पुण्याहून फोन. तोच, रिळाचा. त्याच्या मावसबहिणीचा पेपर होता, ती त्याच्याकडेच उतरली होती.

"सर, पेपर कसा आला होता?"

या पोरानं मला हे विचारावं! पेपर मी पाहिला नव्हता. खरंच पाहिला नव्हता.

"कठीण होता," मी म्हणालो.

"फार?"

"फार."

पलीकडे त्यानं फोन बाजूला धरून कोणाला तरी ओरडून सांगितलं, "ऐकलंस? सर म्हणताहेत!"