लाइन गेल्यावर पाणी कुठे जाते? समुद्री टाकीचा सम्प आणि रेफ्युजियम

दर्यापूर तालुक्यातील आमचे गाव खारपाणपट्ट्यात येते. त्यामुळे मी घरात समुद्री माशांची टाकी मांडतो आहे हे कळल्यावर शेजारच्या काकांनी विचारलेला प्रश्न तसा रास्तच होता : "विकतचं मीठ टाकून पाणी खारं कायले करतं बे? आपल्या बोअरचं काय गोडं हाय?" पूर्णेच्या खोऱ्यातले भूजल खारे आहे हे खरे, पण समुद्राच्या पाण्याशी त्याची तुलना होत नाही. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे आपसातले प्रमाण ठरलेले असते. बोअरच्या पाण्यात क्षार त्यापेक्षा कितीतरी कमी आणि त्यांचे मिश्रणही निराळे. म्हणून शहानूर योजनेचे नळाचे पाणी आधी आरओतून आणि मग उरलेले क्षार पकडणाऱ्या रेझिनमधून काढून त्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे मोजमाप, शून्यावर आणायचा आणि मगच त्यात समुद्री मीठ कालवायचे, असा उलटा व्यवहार मला करावा लागतो. आज मात्र पाणी तयार करण्याविषयी नाही, तर ते पाणी वरच्या टाकीतून खाली नेऊन पुन्हा वर आणणाऱ्या पाइपांविषयी लिहायचे आहे.

वरची टाकी १२० सेंमी लांब, ४५ रुंद आणि ४५ उंच आहे. तिच्या खाली लाकडी स्टँडमध्ये ९० बाय ४० बाय ४० सेंमीची दुसरी टाकी आहे, तिला सम्प म्हणतात. (गावात हा शब्द उच्चारला की लोकांना एसटीचा संप आठवतो.) वरच्या टाकीच्या कोपऱ्यात काचेची एक उभी पेटी आहे आणि तिच्या काठाला दाते आहेत. धरणाचा सांडवा जे काम करतो तेच ही पेटी करते : पाणी तिच्या काठावर आले की आत सांडते आणि पाइपाने सम्पमध्ये उतरते. सम्पचे मी काचेच्या भिंती घालून तीन भाग केले आहेत. डावीकडे पाणी उतरते आणि तिथेच पाण्यातला मळ फेसाबरोबर वेगळा काढणारा प्रोटीन स्किमर आहे, मध्ये पाणी वर चढवणारा पंप आहे आणि उजवीकडची ३० सेंमीची खोली म्हणजे रेफ्युजियम. त्यात कीटोमॉर्फा नावाचे, गुंतलेल्या हिरव्या दोऱ्यासारखे शेवाळ वाढते. माशांच्या विष्ठेतून पाण्यात साठणारे नायट्रेट आणि फॉस्फेट ते शोषून घेते. ज्या नत्र-स्फुरदासाठी आपण कपाशीला पोत्यांनी खत देतो, तेच इथे नको असते, आणि शेवाळाचा मूठभर गुंता उपटून फेकला की तेवढे नत्र-स्फुरद टाकीबाहेर जाते. शिवाय माशांच्या तोंडी न लागता कोपेपॉडसारखे बारीक जीव तिथे वाढतात.

परदेशी माणसांनी केलेल्या जोडणीची चित्रे पाहून मी पहिली जोडणी केली आणि तिथेच चुकलो. त्या चित्रांत वीज कायम असते. आमच्याकडे लाइन जाणे हा अपवाद नाही, दिनक्रम आहे. तेव्हा इथल्या जोडणीचा विचार पंप चालू असताना काय होते यापासून नव्हे, तर पंप थांबला की काय होते यापासून सुरू करायला हवा. हे मला रात्री दोन वाजता, पायाला ओल लागल्यावर कळले.

झाले ते साधे होते. टाकीत तळापर्यंत प्रवाह राहावा म्हणून मी पंपाच्या पाइपाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाखाली १२ सेंमी ठेवले होते. पंप थांबला की तोच पाइप उलट्या दिशेने वाहू लागतो आणि तोंड उघडे पडून त्यात हवा शिरेपर्यंत वरचे पाणी खाली ओढत राहतो. १२० बाय ४५ च्या टाकीत एक सेंमी उंचीला ५.४ लिटर पाणी असते, म्हणजे १२ सेंमीला जवळपास ६५ लिटर. त्यात सांडव्याच्या पेटीतले आणि पाइपातले पाच-सहा लिटर मिळवा. सम्पमध्ये पाण्याची पातळी २५ सेंमीच्या आसपास होती. उरलेल्या १५ सेंमीत, प्रत्येक सेंमीला ३.६ लिटर या हिशेबाने, ५४ लिटर मावत होते. बाकीचे सोळा-सतरा लिटर खारे पाणी शहाबादी फरशीवर आणि तिथून कापसाच्या गाद्या ठेवलेल्या दिवाणाखाली गेले. त्यावर आई काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

हा हिशेब पेन्सिलने पाच मिनिटांत होतो आणि तो काच कापून आणण्याआधी करायचा असतो. आता पाइपाचे तोंड पृष्ठभागाखाली अडीच सेंमीच आहे, आणि त्याच्याही वर, पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली, पाइपाला ६ मिमीचे एक छिद्र पाडले आहे. पाणी थोडे उतरले की छिद्रातून हवा शिरते आणि ओढ तुटते. या छिद्रावर शेवाळ आणि चुनखडीचा थर चढतो, म्हणून दर रविवारी मी त्यात काडी फिरवतो. लाइन गेल्यावर आता खाली येणारे पाणी वीस लिटरच्या आत राहते.

एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, का लावला नाही, असे मला पुष्कळांनी विचारले. शेतकऱ्याने हे विचारू नये. विहिरीतल्या फूट व्हॉल्व्हमध्ये एक काडी अडकली की रात्रभरात पाइप रिकामा होतो आणि सकाळी पंपात पाणी भरत बसावे लागते, हा अनुभव प्रत्येकाच्या गाठीशी आहे. समुद्री टाकीत त्या झडपेवर क्षार जमतात, बारीक गोगलगायी बसतात, शेवाळाचे तंतू अडकतात. तिच्या भरवशावर सम्पमधली जागा कमी ठेवणे म्हणजे फरशी पुन्हा पुसायची तयारी ठेवणे.

लाइन जाण्याइतकीच ती परत येण्याची वेळही अवघड असते, आणि हे मला फार उशिरा लक्षात आले. सांडव्याच्या पेटीतून माझे दोन पाइप उतरतात. मुख्य पाइप पूर्ण पाण्याने भरून, हवा न घेता वाहतो, त्यामुळे त्याचा आवाज होत नाही. त्याचा प्रवाह खाली बसवलेल्या व्हॉल्व्हने नेमका जुळवावा लागतो. दुसरा पाइप संकटकाळचा. त्याचे तोंड पेटीत उंचावर आहे आणि मुख्य पाइप तुंबला तरच त्यात पाणी जाते. मी मुख्य पाइपाचे खालचे टोक सम्पच्या पाण्यात १५ सेंमी खोल बुडवले होते. लाइन आल्यावर पाइपात अडकलेल्या हवेला इतक्या खोल पाण्यातून बाहेर पडता येत नसे, मुख्य पाइप लवकर सुरू होत नसे आणि बराच वेळ सगळे पाणी दुसऱ्या पाइपाने गुळण्या केल्यासारखे उतरत असे. ते टोक कापून पाण्यात जेमतेम दोन सेंमी ठेवले तेव्हा ही कटकट संपली. दुसऱ्या पाइपाचे टोक मात्र मी मुद्दाम पाण्याच्या वरच ठेवले आहे. त्यातून पाणी पडू लागले की धो धो आवाज येतो, आणि मुख्य पाइपात काहीतरी अडकले आहे हे शेजारच्या खोलीतही कळते.

व्हॉल्व्ह जुळवायला गेट व्हॉल्व्ह उत्तम, कारण तो चक्र फिरवून केसाएवढा उघडता येतो. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण उघडतो किंवा बंद होतो. पण दुकानात मिळणारे गेट व्हॉल्व्ह पितळी किंवा गनमेटलचे, आणि दोन्हींत तांबे असते. तांबे पाण्यात उतरले की कोळंबी, गोगलगाय, प्रवाळ यांतले काही जगत नाही. प्लास्टिकचा गेट व्हॉल्व्ह मागवून येईपर्यंत वर्षभर मी बॉल व्हॉल्व्हच्या दांडीला वीतभर पाइप जोडून ती लांब केली आणि तिच्या टोकाला बोटाने ढकलत काम भागवले. याच कारणाने न्हाणीघरात वापरतात ते पितळी आट्यांचे सीपीव्हीसी फिटिंगही इथे चालत नाही.

"दादा, वावरात न्याचं हाय का घरात?" हा दर्यापूरच्या दुकानदाराचा पहिला प्रश्न मला त्या दिवशी निरर्थक वाटला होता, पण सगळे त्यातच होते. आपल्याकडे एक इंची म्हणून मिळणारे पाइप तीन जातींचे असतात. घरगुती यूपीव्हीसीचा बाहेरचा व्यास ३३.४ मिमी, सीपीव्हीसीचा २८.६ मिमी, आणि शेतीचा पीव्हीसी पाइप तर बाहेरच्या व्यासावरच, म्हणजे ३२ मिमी म्हणून, विकला जातो. ३२ चा पाइप ३३.४ च्या एल्बोत आरामात जातो, सोल्युशन लावल्यावर बसल्यासारखाही वाटतो आणि आठवड्याने पाझरू लागतो. तेव्हा एकच जात निवडावी आणि टाकी निप्पलपासून (काचेच्या छिद्रात बसणारा जोड) युनियनपर्यंत (हवा तेव्हा खोलता येणारा जोड) सगळे त्याच जातीचे घ्यावे. काचेला छिद्र पाडण्याआधी निप्पल हातात असलेले बरे, कारण एक इंची निप्पलला लागणारे छिद्र एक इंचापेक्षा बरेच मोठे असते. निप्पलचे रबर त्याच्या कडेच्या बाजूला, म्हणजे पाण्याकडे बसते. नट हाताने घट्ट करून वर फार तर पाव फेरा द्यावा. पान्ह्याने आवळणाऱ्याला काच तडकल्याचा आवाज ऐकू येतो.

रेफ्युजियमला पाणी देण्यासाठी मी पंपाच्या चढत्या पाइपाला टी काढून त्यावर छोटा बॉल व्हॉल्व्ह लावला आहे. वरून येणारे सगळे पाणी त्या खोलीतून नेता आले असते, पण मग तिथला प्रवाह सम्पच्या प्रवाहाला बांधला जातो आणि शेवाळावर गाळ बसतो. पंपाच्या डब्यावर तासाला ३००० लिटर लिहिले आहे. दीड मीटरचे हेड, म्हणजे चढ, आणि पाच एल्बो ओलांडून वर किती पोचते ते मी बादली लावून मोजले. २० लिटरची बादली ४८ सेकंदांत भरली, म्हणजे तासाला १५०० लिटर. त्याशिवाय टीतून रेफ्युजियमला तासाला अडीचशे-तीनशे लिटर जातात आणि काचेवरून पंपाच्या खोलीत ओसंडतात. तिथला दिवा रात्री दहा ते सकाळी सहा चालतो. वरच्या टाकीत अंधार असतो तेव्हा शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषत राहते आणि रात्री पीएच फारसा घसरत नाही.

उन्हाळ्याचे गणित वेगळेच. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना सम्पवर पंखा लावला की आमच्या कोरड्या हवेत तो कूलरसारखेच काम करतो : एक लिटर पाणी उडाले तर १०० लिटर पाणी साधारण पावणेसहा अंशांनी थंड होण्याएवढी उष्णता घेऊन जाते. मात्र पाणी उडते आणि मीठ मागेच राहते. ही घट सम्पमध्ये फक्त पंपाच्या खोलीत दिसते, कारण बाकी दोन खोल्यांची पातळी काचेच्या भिंती धरून ठेवतात. म्हणून त्या खोलीत मी कूलरचा प्लास्टिकचा फ्लोट बसवला आहे आणि त्याला बिनमिठाच्या पाण्याची २० लिटरची कॅन जोडली आहे. घरच्यांनी ५०० लिटरची टाकीच जोडायला सुचवले होते. फ्लोट अडकलाच तर २० लिटरने क्षारता ३५ वरून ३३ च्या आसपास येते आणि मासे ते सोसतात, आणि ते २० लिटर सम्पमध्ये मावतातही. लाइन गेल्यावर सम्पची पातळी चढते तेव्हा फ्लोट आपोआप बंद राहतो.

पंपाच्या खोलीच्या काचेवर मार्करने एक लाल रेघ आहे. हाताने पाणी घालताना तिच्यावर जायचे नाही, एवढे घरात सगळ्यांना सांगून ठेवले आहे, आणि लाइन गेली की बॅटरी घेऊन सम्पच्या काठापर्यंत किती जागा उरली ते पाहायला आता आईच आधी उठते.