बोअरला आलेले कोमट पाणी

रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका सोसायटीच्या बोअरला ऐन एप्रिलमध्ये कोमट आणि किंचित खारट पाणी येऊ लागले, तेव्हा शहराच्या भूजलाचे संगणकीय प्रारूप करण्याच्या कामावर असल्यामुळे मला तेथे बोलावणे आले. अध्यक्षांचे निदान तयारच होते. ‘‘मॅडम, तुरळ-राजवाडीचा गरम पाण्याचा झरा इकडे फुटलाय.’’ शंका अगदीच वेडगळ नव्हती, कारण संगमेश्वर तालुक्यातील त्या कुंडांच्या पाण्यातही क्लोराइड बरेच असते.

पंप बंद करून, तापमान आणि विद्युतवाहकता (पाणी जितके खारट तितकी ती जास्त) मोजणारा बारीक संवेदक पंपाचा पाइप आणि केसिंग, म्हणजे बोअरची बाहेरची नळी, यांच्यामधल्या फटीतून मी मीटरामीटराने खाली सोडला. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले, तर साधारण २५ ते ३० अंश वाढतात. म्हणजे साठ मीटरच्या बोअरमध्ये दोन अंशांचाही फरक पडायला नको. येथे वरून बराच वेळ आकडा हलला नाही, मोटरच्या पातळीला एकदम चढला आणि तिच्याखाली पुन्हा उतरला. ऊब खालच्या खडकातून येत असती, तर ती तळापर्यंत वाढतच गेली असती. आवक आटलेल्या बोअरमध्ये दिवसभर चालणारी मोटर भोवतालचे तेच ते पाणी तापवत होती.

वाहकता मात्र मोटरखाली झपाट्याने वाढत गेली, आणि मला खरी धास्ती त्याचीच वाटली. तळाच्या नमुन्यात कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियम कितीतरी जास्त निघाले. समुद्राच्या पाण्यात ते वजनाने सुमारे तिप्पट असते. तापलेल्या खडकातून फिरून आलेल्या पाण्यातले मॅग्नेशियम मात्र चिकणखनिजे शोषून घेतात, त्यामुळे ते नगण्य उरते. पुढे बोअरमध्ये ठेवलेल्या लॉगरवर, म्हणजे आपोआप नोंदी घेणाऱ्या यंत्रावर, पाण्याची पातळी दिवसातून दोनदा वरखाली होत असल्याचे आणि ही वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकत असल्याचे दिसले. पंपाचे वेळापत्रक असे सरकत नाही, भरतीचे सरकते.

‘‘म्हणजे गिझर घ्यावाच लागणार,’’ अध्यक्ष म्हणाले. मी त्यांना पंप वर उचलून थोडा थोडा वेळच चालवायला आणि जांभ्यातली जुनी विहीर उपसून वापरात आणायला सांगितले. प्रारूपात पश्चिमेची कड आम्ही बंद, म्हणजे तिकडून पाणी आत येतच नाही अशी, धरली होती. ती समुद्राला खुली करून सगळी गणिते नव्याने चालवायला घेतली.