तुम्ही विचारलंत म्हणून: घरात कुणालाच नाही, मग लेकराला कुठून आलं?

विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या कुटुंबांशी बोलणं हे माझं रोजचं काम. मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न असा: "आमच्या घरात तं कोनालेच नाही मॅडम, मंग पोराले कुठून आलं?" कधी बाप विचारतो, बहुतेक वेळा आजी विचारते. आई सहसा गप्प असते, कारण तिला घरी या प्रश्नाचं उत्तर आधीच मिळालेलं असतं: तुझ्या माहेरून आलं.

हे उत्तर साफ चुकीचं आहे. त्यापायी बायका माहेरी पाठवल्या गेलेल्या मी पाहिल्या आहेत. म्हणून यावर जरा सविस्तर लिहिते.

आपल्या शरीरातलं जवळपास प्रत्येक जनुक जोडीनं असतं. एक प्रत आईची, एक बापाची. रक्ताला लाल रंग देणारं आणि ऑक्सिजन वाहून नेणारं जे हिमोग्लोबिन, त्याच्या बीटा नावाच्या साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. ही साखळी १४६ अमिनो आम्लांची. तिच्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं, तिथे व्हॅलिन आलं की ते हिमोग्लोबिन 'एस' झालं. डीएनएच्या भाषेत एकच अक्षर बदललेलं असतं, जीएजीच्या जागी जीटीजी. व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५६ मध्ये केंब्रिजला हा फरक शोधला. जनुकातल्या बदलामुळे प्रथिनात नेमकं काय बिघडतं हे इतकं स्वच्छ पहिल्यांदाच दिसलं होतं.

एवढ्याशा बदलानं काय होतं? व्हॅलिन पाण्यापासून लांब राहू पाहतं. हिमोग्लोबिननं ऑक्सिजन सोडला की हे रेणू त्याच जागी एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब ताठ दोरे बनतात आणि मऊ, गोल लाल पेशी विळ्यासारखी वाकते. अशी पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकते. पुढे रक्त पोचत नाही आणि हाडं ठणकू लागतात. ते दुखणं बघणाऱ्यालाही सोसत नाही. निरोगी लाल पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत संपते. मग अंगात रक्त टिकणार कसं?

आता जोडीचा हिशोब. दोन्ही प्रती चांगल्या असतील तर एए. एक चांगली आणि एक एस, तर एएस, म्हणजे वाहक. दोन्ही एस, तर एसएस, म्हणजे रुग्ण. वाहकाच्या लाल पेशीत चांगलं हिमोग्लोबिन अर्ध्याहून जास्त असतं, त्यामुळे पेशी एरवी वाकत नाही. हा माणूस शेतात राबतो, कबड्डी खेळतो, बाळंतपणं निभावतो, म्हातारा होतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला कधी कळतही नाही. 'आमच्या घरात कुणालाच नाही' या वाक्याचा निम्मा अर्थ इथेच लागतो. घरात आजारी कुणी नाही हे खरं असेलही, पण वाहक कुणी नाही असं त्यावरून म्हणता येत नाही.

दोन वाहकांचं लग्न झालं, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के, एए असण्याची २५ टक्के. 'प्रत्येक' हा शब्द मी मुद्दाम दोनदा सांगते, कारण लोक हमखास असा अर्थ घेतात की चारातलं एक आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं. मागच्या खेपेला छापा पडला होता की काटा, हे नाण्याला ठाऊक नसतं. पहिलं मूल एसएस असलं तरी दुसऱ्या वेळी तेच २५ टक्के. याची दुसरी बाजूही बघा: अशा शंभर जोडप्यांना दोन-दोन मुलं झाली, तर सुमारे ५६ घरांत एकही आजारी मूल नसेल. आणि वाहकाचं लग्न एए माणसाशी झालं, तर त्या पिढीत कुणीच आजारी पडत नाही. एसची प्रत मात्र निम्म्या शक्यतेनं पुढच्या पिढीत उतरत राहते. अशा कितीतरी पिढ्या आजाराशिवाय जातात आणि एक दिवस दोन वाहकांची गाठ पडते.

मी वंशावळ काढायला बसते तेव्हा 'कुणालाच नाही' हे वाक्य हळूहळू सैल होतं. कागदावर पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर ते भरायचं, वारलेल्यावर तिरपी रेघ. एका आजींनी आपली सगळी लेकरं सांगितली, मी चौकोन-वर्तुळं काढत गेले. मग नेहमीप्रमाणे विचारलं, "आजी, एखादं लहानपणीच गेलं का?" त्या थांबल्या. म्हणाल्या, "एक होता. चार वर्साचा झाला होता. हातपाय सुजत त्याचे. एका रात्री पोट फुगलं, पोरगा पांढराफटक पडला न् सकाळी गेला." त्याला काय झालं होतं हे आज कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण सिकलसेल असलेल्या लहान मुलांत प्लीहेत (पोटातला रक्त गाळणारा अवयव) एकाएकी रक्त साठतं, पोट फुगतं, अंगातलं रक्त काही तासांत उतरतं. मी त्या चौकोनाशेजारी प्रश्नचिन्ह काढलं. तो चौकोन बापाच्या बाजूचा होता, म्हणजे आजारी बाळाचा सख्खा काका. त्या काळी असं मूल 'तापानं' नाहीतर 'काविळीनं' जायचं, आणि घराण्याच्या आठवणीतून ते गळून जायचं.

खरं तर वंशावळ न काढताही एक गोष्ट पक्की सांगता येते. बाळ एसएस असेल तर एक एस आईकडून आला आणि एक बापाकडून. बाप वाहक असणारच, आणि त्याला तो त्याच्या आईकडून किंवा वडिलांकडून मिळालेला असणार. म्हणजे जी सासू 'माहेरून आणलं' म्हणते, ती स्वतः किंवा तिचा नवरा, दोघांपैकी एकात तरी हा एस आहेच. हे मी दुखवायला सांगत नाही, शांतपणे कागदावर दाखवते. त्यानंतर खोलीतला सूर बदलतो.

मग सुनेवर बोट येतं कुठून? माझ्या मते तपासणीच्या क्रमातून. गरोदर बाई तपासणीला येते, रक्त तिचंच आधी घेतलं जातं. आधी सोल्युबिलिटी टेस्ट: छोट्या टेस्ट ट्यूबमध्ये रसायन, त्यात रक्ताचा थेंब, ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद. काही मिनिटांनी ट्यूबमधून रेघा दिसल्या तर निगेटिव्ह. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर पॉझिटिव्ह. या टेस्टला वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी तपासणी लागते. बाईची टेस्ट पॉझिटिव्ह आली की मग नवऱ्याला बोलावणं जातं. तो कधी मजुरीला बाहेरगावी असतो, कधी 'मला काय झालंय' म्हणून टाळतो. आठवडे जातात. तेवढ्या वेळात रिपोर्ट एकटीचाच असतो आणि गावात 'हिच्यात निघालं' हे पक्कं होऊन बसतं. नंतर नवऱ्याचा एएस रिपोर्ट आला तरी आधीचं बोलणं पुसलं जात नाही. जनुकं दोघांची बरोबरीनं आलेली असतात, कागद मात्र एकीचा आधी येतो. याचा मला मनापासून राग येतो, कारण हे टाळणं आपल्या हातात आहे.

याहून वाईट गोंधळ होतो तो बाप एएस, आईची सोल्युबिलिटी निगेटिव्ह, आणि तरी मूल सिकलसेलनं आजारी निघतं तेव्हा. अशा वेळी लोक जे कुजबुजतात ते इथे लिहवत नाही. बऱ्याचदा उत्तर असं असतं की आई बीटा थॅलेसेमिया या रक्ताच्या दुसऱ्या आनुवंशिक आजाराची वाहक आहे. हा थॅलेसेमिया त्याच जनुकातल्या वेगळ्या बदलांमुळे होतो. तिथे साखळी बिघडलेली बनत नाही, ती कमी बनते किंवा बनतच नाही. बापाकडून एस आणि आईकडून ही न चालणारी प्रत, असं मिळून मूल आजारी पडतं. सोल्युबिलिटी टेस्टला थॅलेसेमिया दिसत नाही, एचपीएलसीवर ए-टू नावाचं हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं. म्हणून अशा घरात निगेटिव्हचा एक शिक्का बघून कुणीही निष्कर्ष काढू नये. आईबाप दोघांचंही एचपीएलसी करून घ्यावं.

आजी मग विचारतात, सुरुवातीला तर बाळ गुटगुटीत होतं, नंतर कसं झालं? पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात ही बीटा साखळीच नसते. जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जातं आणि बीटा साखळीचं हिमोग्लोबिन त्याची जागा घेतं. म्हणून साधारण सहा महिन्यांनंतर त्रास दिसू लागतो, बहुतेकदा हातापायांची बोटं सुजण्यापासून. यात दृष्ट, दूध, लस यांचा काही संबंध नाही. लस तर या मुलांना इतरांपेक्षा जास्त गरजेची.

आणि हे मुळात आलं कुठून? डीएनएची नक्कल होताना चुका होतात. प्रत्येक बाळात आईबापात नसलेले साधारण ६० ते ७० नवे बदल असतात, आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी. काही आजार असे नव्यानंच उगवतात. ॲकॉन्ड्रोप्लासिया नावाचा जो ठेंगणेपणा आहे, त्यातल्या बहुसंख्य मुलांचे आईबाप सामान्य उंचीचे असतात. हिमोफिलियात आई वाहक असेल तर मुलग्यांना आजार होण्याची शक्यता निम्मी असते, कारण ते जनुक एक्स गुणसूत्रावर आहे, पण सुमारे एकतृतीयांश रुग्णांत तिथेही बदल नवाच असतो. सिकलसेलचं तसं नाही. हा बदल हजारो वर्षांपूर्वीचा आहे आणि तो टिकला तो मलेरियामुळे. १९५४ मध्ये ॲन्थनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवलं की वाहकांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जंगलात डासांमध्ये राहणाऱ्या माणसांत वाहक मुलं जास्त जगली आणि तीच पुढे आईबाप झाली. भारतात हे १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये प्रथम नोंदलं गेलं. आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियापासून नंदुरबारपर्यंत ते आहे, आदिवासींत आहे आणि इतर समाजांतही आहे. गडचिरोलीत मलेरिया अजून आहे, तेव्हा हा संबंध आम्हाला पुस्तकात शोधावा लागत नाही. ज्या पूर्वजामुळे हे जनुक तुमच्यापर्यंत आलं, तो कदाचित याच जनुकामुळे मलेरियातून वाचला होता. मी हे सांगते तेव्हा लोक गप्प होऊन ऐकतात. 'मागच्या जन्मीचं पाप' हे उत्तर त्यांनी फार ऐकलेलं असतं.

'पण आम्ही नात्यात लग्न केलं नाही' असंही म्हणतात. आत्ये-मामे भावंडांत लग्न झालं तर दोघांत एकच प्रत असण्याची शक्यता वाढते हे खरं. पण आपल्याकडे लग्न जातीत, जमातीत होतं. ज्या समाजात वाहक बरेच आहेत, तिथे नातं नसलं तरी दोन वाहक सहज एकत्र येतात. त्यासाठी दोष द्यायचाच तर समोरच्या मुलीला कशाला?

पुढे काय, हेही विचारता. आजार असलेल्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू करता येतं, त्यानं गर्भातलं हिमोग्लोबिन वाढतं आणि दुखण्याचे झटके कमी होतात. मे महिन्यात पाणी भरपूर, डिसेंबरात अंग झाकलेलं, ताप आला की त्याच दिवशी दवाखाना. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रानं जनुकात फेरफार करणारा पहिला उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन-अमेरिकेत मंजूर झाला. तो आपल्या गावच्या माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे, तरी त्याची बातमी मी प्रत्येक घरात सांगते. पुढच्या गरोदरपणात ११-१२ व्या आठवड्याच्या सुमारास वारेच्या नमुन्यावरून बाळाची तपासणी होऊ शकते. ती करायची की नाही आणि नंतर काय, हे जोडप्यानं ठरवायचं. मी फक्त माहिती देते आणि हे ठरवताना सासूला बाहेर बसवते.

वाहकानं लग्न करू नये असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. वाहकानं वाहकाशी करताना विचार करावा, एवढंच. केंद्र सरकारनं १ जुलै २०२३ ला सुरू केलेल्या सिकलसेल निर्मूलन मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी ठरली आहे. त्यात मुलग्यांची तपासणी शाळा-कॉलेजातच व्हावी, त्यांच्या लग्नाच्या कितीतरी आधी, असा माझा आग्रह आहे. तपासणीचं कार्ड मुलीनं लपवायचं आणि मुलाकडे कार्डच नसायचं, ही रीत मोडायला हवी.

आणि तुमच्या घरी आत्ता कुणी गरोदर असेल तर तिला एकटीला पाठवू नका. त्याच दिवशी, त्याच रांगेत नवऱ्याचंही रक्त द्या, आणि दोघांचे रिपोर्ट हातात आल्याशिवाय घरी कुणाशीही बोलू नका. तिचा रिपोर्ट एएस आला तर तिच्या भावंडांनाही सांगा. त्याचा आला तर त्याच्या.