सिक्वेल कशाला म्हणायचं आणि कशाला नाही

मी सिनेमांची सबटायटल्स करते, त्यामुळे ओळखीच्या लोकांचा समज असा झालाय की सिनेमातलं किंवा इंग्रजीतलं काहीही अडलं की हिला विचारायचं. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे सिक्वेल, प्रीक्वेल, स्पिन-ऑफ, रिमेक हे सगळं एकच ना, नुसती नावं वेगळी? आणि 2025 पासून त्याला अजून एक शेपूट जोडलं गेलंय, धडक 2 मध्ये धडकमधलं कुणीच कसं नाही हो?

तर तुम्ही विचारलंत म्हणून.

आधी एक डोक्यातून काढून टाका, की नावापुढे 2 आला म्हणजे सिक्वेल झाला. तो आकडा बऱ्याचदा निर्मात्याच्या सोयीचा असतो. 2018 चा धडक हा सैराटचा हिंदी रिमेक, आणि धडक 2 हा परियेरुम पेरुमाळ या तमिळ सिनेमाचा रिमेक, म्हणजे दोघांची मूळ गोष्टसुद्धा वेगवेगळ्या घरची, फक्त जात आणि प्रेम हा विषय दोन्हीकडे. अशाला हल्ली स्पिरिच्युअल सिक्वेल म्हणतात. अध्यात्माचा काही संबंध नाही त्यात, नाव चालतंय तर वापरून घ्या एवढाच अर्थ, निदान माझ्या लेखी तरी.

माझी कसोटी साधी आहे. आधीच्या गोष्टीत जे घडलं त्याचं काहीतरी या गोष्टीला निस्तरावं लागतंय का? लागत असेल तर सिक्वेल. नसेल तर मग तीच माणसं असोत, तोच दिग्दर्शक असो, मी फार तर सिरीज म्हणेन. उदाहरणार्थ लगे रहो मुन्नाभाई. मुन्ना तोच, सर्किट तोच, पण पहिल्या सिनेमातल्या मेडिकल कॉलेजचं आणि चिंकीचं नावनिशाण नाही, आणि बोमन इराणी तर डॉक्टर अस्थानाचा थेट लकी सिंग होऊन येतो. मला तो सिनेमा पहिल्यापेक्षा जास्त आवडतो, भांडू नका, पण पहिला न बघता दुसरा बघितलात तरी तुमचं काही अडत नाही.

याच्या उलट वाडा चिरेबंदी घ्या. महेश एलकुंचवारांचं हे नाटक 1985 मध्ये रंगमंचावर आलं, तात्याजी गेलेत, तेराव्याचा खर्च कुणी करायचा यावरून धरणगावकर देशपांड्यांच्या घरात धुसफूस, दारात बंद पडलेला ट्रॅक्टर. मग पुढच्या मग्न तळ्याकाठीमध्ये वर्षं सरलेली, वाड्यात पैसा आलेला, पण तो कुठून आणि कशाच्या बदल्यात हे पहिल्या नाटकातली तंगी बघितली असेल तर जास्त बोचतं, आणि तिसऱ्या युगान्तमध्ये तर दुष्काळाने गावच ओस. प्रत्येक भागाला आधीच्याची देणी फेडावी लागतात. चंद्रकांत कुलकर्णींनी 1994 मध्ये तिन्ही सलग बसवली, नऊ तासांच्या आसपासचा प्रयोग, त्रिनाट्यधारा म्हणायचे त्याला. आता यातलं मग्न तळ्याकाठी हे वाड्याचं सिक्वेल आणि तिन्ही मिळून ट्रिलॉजी, दोन्ही एकाच वेळी खरं.

आणि ही काही आपण इंग्रजांकडून घेतलेली चीज नाही. आठव्या शतकातला भवभूती, आपल्या विदर्भातल्या पद्मपूरचा, त्याने आधी महावीरचरित लिहिलं, ते रामाच्या राज्याभिषेकापर्यंत येऊन थांबतं, आणि मग उत्तररामचरित, ज्याची सुरुवात त्याच्या पुढून होते. पहिल्याच अंकात लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्यातले प्रसंग चित्रांत दाखवतो, म्हणजे मालिकेच्या सुरुवातीला आतापर्यंत आपण पाहिलंत असतं ना, अगदी तेच. पण गंमत पुढे आहे. ती चित्रं बघूनच गरोदर सीतेला पुन्हा त्या वनात जावंसं वाटतं, आणि तिला वनात पाठवायला तेच निमित्त होतं. रिकॅपमधूनच पुढचं संकट काढणारा लेखक मला तरी आजच्या ओटीटीवर सापडलेला नाही.

सिक्वेल शब्दाची एक बहीण दवाखान्यात राहते. छातीच्या एक्सरेच्या रिपोर्टवर सिक्वेली ऑफ ओल्ड कॉक्स असं छापून येतं आणि माणसं घाबरून मला फोटो पाठवतात, की टीबीचा पार्ट टू येतोय का. नाही हो, त्याचा अर्थ पूर्वी कधीतरी टीबी होऊन गेलाय त्याच्या मागे राहिलेल्या खुणा, बाकीचं तुमच्या डॉक्टरांना विचारा. मूळ लॅटिन क्रियापद एकच, मागून येणं. सीक्वेन्सही त्यातलाच, पण तिथे नुसता क्रम असतो, कॉन्सिक्वेन्समध्ये परिणाम असतो, आणि चांगल्या सिक्वेलला दोन्ही लागतात असं माझं मत. आयटीवाले डेटाबेसच्या एसक्यूएलला सिक्वेल म्हणतात ते मात्र यातलं नाही, ते त्या भाषेचं 1970 च्या दशकात आयबीएममध्ये ठेवलेलं पहिलं नाव.

प्रीक्वेल हा शब्द फार जुना नाही, विसाव्या शतकात सिक्वेलवरूनच पाडलेला. काळ मागचा, पण येतो नंतर, म्हणजे नाम शबाना बघा, 2015 च्या बेबीमधली थोडा वेळ दिसलेली शबाना एजंट कशी झाली ते 2017 मध्ये सांगितलं. बाजूचं पात्र उचलून त्याची स्वतंत्र गोष्ट केली म्हणून तो स्पिन-ऑफ पण आहे. आणि टाइमपास 3 तर अजून मजेशीर, नंबर तिसरा पण दगडूची ती गोष्ट घडते पहिल्या आणि दुसऱ्या भागाच्या मधल्या काळात. याला इंटरक्वेल म्हणतात, मी सहसा सांगत नाही कारण पुढे अजून तीन प्रश्न येतात.

बाहुबलीचे दोन भाग मला सिक्वेलमध्ये धरवत नाहीत. एकच गोष्ट मधे कापून दोन वर्षं लोकांना टांगून ठेवलं, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध म्हणा हवं तर.

राहिला रिमेक. तीच गोष्ट नव्याने केली की रिमेक, आणि जुनं सगळं पुसून त्याच पात्राची मालिका पहिल्यापासून मांडली की रिबूट. शाहरुखचा 2006 चा डॉन हा अमिताभच्या 1978 च्या डॉनचा रिमेक म्हणून सुरू होतो. पण जुन्यात खरा डॉन सुरुवातीलाच मरतो, पुढे असतो तो त्याच्यासारखा दिसणारा विजय, त्यामुळे डॉनची गोष्ट पुढे न्यायची सोयच नव्हती. फरहान अख्तरने शेवट फिरवला, डॉनला जिवंत सोडला, आणि म्हणून 2011 मध्ये डॉन 2 येऊ शकला. तो सिक्वेल आहेच, पण रिमेकचा, अमिताभच्या डॉनचा नव्हे.