खर्ड्याला रोज तीच भाजी

आमच्या खानावळीचा एक नियम आहे. एका आठवड्यात एक भाजी दोनदा करायची नाही. मंगळवारी दोडका झाला की पुढच्या मंगळवारपर्यंत दोडक्याचं नाव काढायचं नाही. मेंबर पोरं घरापासून लांब असतात. त्यांची जीभ कंटाळली की ती खानावळ बदलतात, आणि राजारामपुरीत खानावळींना काही तोटा नाही. १९ वर्षं मी हाच हिशेब करत आले आहे. रोज चाळीस-पंचेचाळीस पानं उठतात, त्यामुळे कुणाला काय खायला घालायचं हे मला कळतं, असा माझा समज होता. जुलैत कुत्र्याच्या एका पिल्लानं तो आठ दिवसांत उतरवला.

पिल्लू सापडलं ते पावसात, मागच्या बोळात रिकाम्या सिलिंडरच्या आड. आई नाही, भावंडं नाहीत. रंग तांबूस, एक कान उभा, एक पडलेला, हातपाय काड्या आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं. मेंबरांनी नाव ठेवलं खर्डा. पोटाचा इतका नाजूक निघेल हे ठाऊक असतं तर मऊभात ठेवलं असतं.

पहिल्या रात्री दूध-चपाती दिली. कोल्हापुरात दुसरं काय देणार? गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर डोळ्यांसमोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा ग्लास हातात देतात. दूध पचत नाही म्हणणाऱ्या माणसाकडे इथं जरा संशयानंच बघतात. खर्ड्यानं ताटली चाटूनपुसून साफ केली आणि पहाटे चार वाजता माझ्या जिन्याची सगळी फरशी भरवली.

दुसऱ्या दिवशी तेच दूध, पण पाणी घालून. तिसऱ्या दिवशी दहीभात. चौथ्या दिवशी उकडलेलं अंडं. पाचव्या दिवशी एका दुकानातून कुत्र्याचं कोरडं खाद्य आणलं, पोत्यातून काढून वजनावर विकतात ते. सासूबाईंनी मधेच सहाणेवर जायफळ उगाळलं, पोरांना गुटीत द्यायचो म्हणून. ते चमच्यावर घेऊन त्या त्याच्या मागे फिरत होत्या, पण तो टेबलाखाली गेला आणि बाहेरच आला नाही. नशीब म्हणायचं, कारण जायफळ कुत्र्याला बाधतं, हे नंतर कळलं. सातव्या दिवशी रविवार होता. रविवारी आमच्याकडे मटण. मी वाटीभर अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, काढून भातात कालवलं. ना तिखट, ना चटणी. लहान पोरांना आणि आजाऱ्यांना आपण तेच देतो. मला वाटलं, याहून साधं काय असणार?

त्या रात्री त्याला उलटीही झाली.

सोमवारी सकाळी भाजी मावशींवर सोपवून मी त्याला टॉवेलात गुंडाळून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनी आधी दात बघितले. सात-आठ आठवड्यांचा असेल म्हणाल्या. वजन भरलं २ किलो ६०० ग्रॅम. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, ती सावकाश खाली बसली. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाल्या. पार्व्होची, म्हणजे कुत्र्यांच्या एका जीवघेण्या विषाणूची, पट्टी लावून बघितली. लस न झालेल्या पिल्लाला जुलाब-उलट्या लागल्या की पहिला संशय पार्व्होचाच, आणि तो दोन-तीन दिवसांत पिल्लू नेऊ शकतो. ते दहा मिनिटं मी भिंतीवरचं लसीकरणाचं वेळापत्रक नुसतं वाचत उभी होते. पट्टी निगेटिव्ह आली. मग त्यांनी शी मागितली. ती मी नेली नव्हती. पण खर्ड्यानं तिथल्या तिथे सोय केली. सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी दिसली. नगाऱ्यासारखं पोट मला बाळसं वाटत होतं, ते जंत होते.

मग त्यांनी विचारलं, "काय काय खायला घातलंत?"

मी सांगायला लागले. त्या लिहीत होत्या. अळणीपाशी त्यांनी पेन थांबवलं. "अळणीत काय काय घालता ताई?"

मीठ, हळद, उभा चिरलेला कांदा, आलं-लसूण. बोलता बोलताच माझा आवाज खाली आला, कारण त्यांचा चेहरा बदलला होता. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. कच्चे असोत, शिजवलेले असोत, नाहीतर मसाल्यातली पूड असो. खर्ड्यानं थोडंच खाल्लं होतं म्हणून निभावलं, पण पुढचे काही दिवस हिरड्या पांढऱ्या पडतात का बघत राहा, असं त्यांनी बजावलं. आपल्या स्वयंपाकात कांदा-लसूण नसलेलं काय उरतं, याचा मी रिक्षात बसून विचार केला. साधा भात. उपवासाची भगर.

दुधाचंही त्यांनी समजावलं. आईचं दूध तुटलं की दुधातली साखर फोडण्याची ताकद पिल्लाच्या आतड्यात कमी होत जाते. न पचलेली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब होतात. त्यात म्हशीचं दूध म्हणजे सहा-सात टक्के स्निग्धांश. एखाद्या कुत्र्याला सोसतं, सगळ्यांना नाही.

पण मनात रुतून बसलं ते त्यांचं शेवटचं वाक्य. यादीवर बोट ठेवून त्या हसल्या. "सात दिवसांत सहा मेनू! तुम्ही खानावळ चालवता का?"

मी म्हटलं, "हो."

पिल्लाच्या पोटात त्या त्या अन्नाला सरावलेले जिवाणू असतात. अन्न बदललं की त्यांची घडी बसायला काही दिवस लागतात. मी ती बसायच्या आतच रोज मोडत होते. एक उतरलं नाही की दुसरं, दुसरं नाही की तिसरं. आता सहापैकी नेमकं काय बाधलं हे कुणालाच सांगता येणार नव्हतं, कारण मी कुठल्याच पदार्थाला दोन दिवस मिळू दिले नव्हते.

वजनावर बेतून जंताचं औषध मिळालं, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचं. पाणी भरून काढायला सलाईन लागलं. आणि पुढचे पाच दिवस कातडी काढलेली कोंबडी नुसत्या पाण्यात उकडून, मीठ नाही, हळद नाही, एक भाग कोंबडी आणि दोन भाग मऊ भात. चार-पाच वेळा, थोडं थोडं. इतक्या लहान पिल्लाला लंघन घालायचं नाही, हे त्यांनी दोनदा सांगितलं. आपल्याकडे पोट बिघडलं की आधी जेवण बंद. पण पिल्लाच्या अंगात साठा नसतो, रक्तातली साखर पटकन उतरते. माणसाची जुलाबाची गोळीही मनानं द्यायची नाही. शीमध्ये रक्त दिसलं, उलटी थांबेना, पाणी घेईना किंवा नुसतं मलूल पडून राहिलं, तर रात्र असली तरी फोन करायचा.

चौथ्या दिवशी शी घट्ट झाली. मी मोबाईलवर तिचा फोटो काढून डॉक्टरांना पाठवला आणि चुकून तोच खानावळीच्या ग्रुपवरही गेला. त्या दिवशी मेंबरांना आमटी जरा कमीच गेली.

मला वाटलं, झालं, सापडला उपाय. आता कायम कोंबडी-भात. मी एकदम पाच किलो कोंबडीचा दरही ठरवून आले. डॉक्टर म्हणाल्या, आठवडाभर ठीक, पुढे नाही. मांसात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम जवळजवळ नाही. वाढत्या हाडांना दोन्ही लागतात, आणि कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा थोडं जास्तच लागतं. नुसत्या कोंबडी-भातावर पिल्लाची हाडं मऊ राहतात, पाय वाकतात. घरचं खायला घालायचंच असेल तर जाणकाराकडून मोजून-मापून लिहून घ्यायचं. माझं काम पहाटे पाचला सुरू होतं, ते मला जमणार नव्हतं. मग पिशवीतलं खाद्य निवडायला निघाले.

सुटं घ्यायचं नाही, हे पहिलं ठरलं. उघड्या पोत्यातल्या खाद्यातली चरबी खवट होते, हे खरं तर मला दुसऱ्यानं सांगायला नको होतं. शेंगदाण्याचा कूट उघडा राहिला तर मी टाकून देते. शिवाय सुट्या मालावर तारीख नाही, घटक नाहीत, पिल्लाचं की मोठ्याचं तेही सांगता येत नाही.

दुकानदारानं सगळ्यांत महाग पिशवी पुढे केली, 'धान्यविरहित' लिहिलेली. संवेदनशील पोटाला हेच लागतं म्हणाला. मी दुकानातूनच डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, भात याला पचतोय हे आपण पाच दिवस बघितलंय, मग धान्य कशासाठी सोडायचं? अमेरिकेत २०१८ पासून धान्यविरहित, वाटाणा-मसूर जास्त असलेल्या खाद्यांचा कुत्र्यांच्या हृदयाच्या आजाराशी संबंध आहे का याची तपासणी झाली, पक्कं काही ठरलं नाही. पण गरज नसताना त्या वाटेला जायचं नाही. शिवाय कुत्र्याला पिष्ट पचवणं लांडग्यापेक्षा बरंच चांगलं जमतं, हजारो वर्षं माणसाच्या उष्ट्यावर वाढलेली जात आहे ती. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी मान वर केली. "मग मी काय सांगत हुतो? आमच्यातली कुत्री भाकरीवरच जगली." जगली ती जगली. जी गेली त्यांचा हिशेब कुणी ठेवला?

पिशवीची पुढची बाजू म्हणजे हॉटेलची पाटी. मागची बाजू म्हणजे मुदपाकखाना. मी मागची वाचायला शिकले. हे खाद्य वाढत्या पिल्लासाठी किंवा सर्व वयांसाठी 'संपूर्ण आणि संतुलित' आहे असं छापलंय का, हे आधी बघायचं. मग प्रथिनं. पिल्लाला पाण्याचा अंश सोडून निदान साडेबावीस टक्के लागतात, मोठ्या कुत्र्याला अठरा चालतात. स्निग्धांश पिल्लाला किमान साडेआठ हवा, पण खूप चढा असला तर नाजूक पोटाला तोच बाधतो. म्हणून खर्ड्यासाठी फार तेलकट नको. आणि प्राणिज पदार्थ एकच, ओळखीचा. कोंबडी सोसली होती, म्हणून कोंबडी आणि तांदूळ. पाच-सहा प्रकारचं मांस एकत्र असलेल्या पिशव्या मी परत ठेवल्या. उद्या काही बाधलंच तर कुणावर बोट ठेवणार?

एक हिशेब मात्र मला कुणी न शिकवता आला. ओल्या पाऊचवर प्रथिनं आठ टक्के आणि कोरड्या पिशवीवर चोवीस, म्हणून कोरडं तिप्पट चांगलं असं दुकानातला पोरगा सांगत होता. अरे बाबा, पातळ आमटी आणि घट्ट वरण यांची डाळ अशी मोजतात का? पाऊचमध्ये ऐंशी टक्के पाणी. उरलेल्या वीस भागांत आठ प्रथिनं, म्हणजे चाळीस टक्के. कोरड्यात दहा टक्के पाणी, नव्वदात चोवीस, म्हणजे सत्तावीसच्या आत. पोरगा कॅल्क्युलेटर काढून बघत बसला.

सगळ्यांत लहान पिशवी घेतली. पहिले तीन दिवस एक भाग नवं, तीन भाग कोंबडी-भात. मग निम्मं-निम्मं. मग तीन भाग नवं. दहाव्या दिवशी पूर्ण नवं. सगळं वजनकाट्यावर. दाणे कोमट पाण्यात भिजवून. काट्यावर तूप तोलताना माझा हात कधी कापला नाही, पण या दाण्यांना कापायचा.

आणि तरी बाराव्या दिवशी शी पुन्हा पातळ! मी रडायचीच बाकी होते. डॉक्टरांनी विचारलं, किती घालताय? पिशवीवर वजनाप्रमाणे लिहिलंय तेवढंच. आणि वर? वर... एक मूठ. वाढताना हात आखडता घेणं मला जमत नाही हो. मेंबर नको म्हणाला तरी अर्धी चपाती त्याच्या ताटात पडतेच. ती मूठ बंद केली, दिवसाचं खाणं चार वाट्यांत सारखं वाटलं आणि दोन दिवसांत सगळं जागेवर आलं. अन्न चांगलं असून जास्त झालं तरी जुलाब होतात, हे माझ्या धंद्याला शोभणारं ज्ञान नाही.

उरला प्रश्न मेंबरांचा. एसटीतले एक कंडक्टर भाऊ खिशातून ग्लुकोज बिस्कीट काढायचे. तासगावचा एक पोरगा घरून बेदाणे आणतो, त्यानं दोन बेदाणे हातावर धरलेले मी पाहिले आणि अशी ओरडले की वाढणाऱ्या मावशींच्या हातून पळी पडली. द्राक्षं, बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घात करतात, आणि कुठल्या कुत्र्याला किती बाधतील याचा भरवसा नाही. बिचारा प्रेमानं देत होता. आता हात धुवायच्या बेसिनवर पाटी लावली आहे: 'खर्ड्यास काहीही घालू नये. घातल्यास जिना धुवावा लागेल.' दुसऱ्या वाक्याचा उपयोग झाला.

आता नोव्हेंबर. खर्डा साडेपाच महिन्यांचा आहे, लसी पूर्ण झाल्या, वजन साडेअकरा किलो. चार वेळचं जेवण तीन वेळांवर आलंय. दुकानदार अधूनमधून विचारतो, नवीन चव आलीय, देऊ का? मी तीच पिशवी मागते. भिंतीवर मेंबरांच्या हजेरीच्या वहीशेजारी खर्ड्याची एक छोटी वही टांगली आहे. तारीख, किती ग्रॅम, शी कशी. काही नवं द्यायचं तर एका वेळी एकच, आणि पुढचे पाच दिवस दुसरं काही नाही. गेल्या पंधरवड्यात उकडलेला लाल भोपळा झाला, चमचाभर, सोसला.

सोमवारपासून पाव उकडलेलं अंडं. कंडक्टर भाऊंनी काल ती वही वाचली आणि मला विचारलं, "वहिनी, ह्येला तीन महिने तेच ते चालतंय, आणि आम्ही काल फ्लॉवर परत का म्हटलं तर तुम्ही आमच्यावर चिडता?"

फ्लॉवर स्वस्त झालाय, म्हणून परत.