आवाज चांगला असलेले मशीन

मालवणच्या किनाऱ्यावर आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला लावायचे इंजिन, दुरुस्त करणाऱ्याकडे वर्षाचे निम्मे काम जुलैच्या अखेरच्या आठवड्यात का येते, हे बाहेरच्या माणसाला सहजी कळणार नाही. यांत्रिक नौकांना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते, आणि मशीन उघडून, धुऊन, तेल बदलून ठेवायला त्याहून चांगला काळ नाही. तरीही जून-जुलैभर मशीने पडवीत ताडपत्रीखाली पडून राहतात आणि नारळी पौर्णिमा तोंडावर आली की सगळ्यांना एकाच वेळी त्यांची आठवण होते. खारे पाणी पोटात ठेवून पडून राहिलेले अॅल्युमिनियम हंगामातल्या रोजच्या वापरापेक्षाही जास्त खाल्ले जाते, असा माझा अनुभव आहे. हंगामाच्या शेवटी मशीन गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटे चालवून ठेवा, एवढेच मी सांगत असतो; पण मे महिन्यात विहिरी मचूळ झालेल्या असतात, घरात प्यायचे पाणी टँकरने येते, आणि ते पाणी मशीनला पाजायला घरच्या बायका नकार देतात. त्यांना मी दोष देऊ शकत नाही.

गेल्या जुलैत असेच एक मशीन माझ्याकडे आले. 40 अश्वशक्तीचे, दोन स्ट्रोक, दोन सिलिंडरचे, 2004 साली नवे घेतलेले. मालक देवबागचे, साठीकडे झुकलेले, आयुष्यभर गिलनेटची मासेमारी केलेले. त्यांना मी काका म्हणतो. त्यांचा थोरला मुलगा पर्यटकांना होडीतून फिरवण्याच्या व्यवसायात आहे आणि तोही सोबत आला होता. तक्रार एवढीच होती, की मे महिन्यात मशीन दोन-तीनदा वाटेत बंद पडले आणि प्लग पुसून लावल्यावर पुन्हा चालू झाले. आधीच्या फिटरने प्लग बदलले होते, कॉइल बदलली होती आणि दोष पेट्रोलवर टाकला होता.

पेट्रोलची शंका रास्त होती. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल येते, ते हवेतले पाणी ओढून घेते, आणि आमच्या दमट किनाऱ्यावर टाकीच्या तळाशी पाणी साचून मशीन बंद पडल्याची उदाहरणे आहेत. म्हणून मी त्यांच्या टाकीतले पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून रात्रभर ठेवले. सकाळी तळाशी पाण्याचा थर नव्हता. शिवाय पेट्रोलमधून पाणी आले असते, तर दोन्ही प्लग भिजायला हवे होते. इथे वरचा प्लग तपकिरी आणि कोरडा होता, तर खालच्या प्लगच्या टोकाशी राखाडी साय धरलेली होती.

मशीन पिंपात उभे करून दोरी ओढली, ते पहिल्याच दोरीला चालू झाले. आवाज भरीव होता, कुठे ठोका नव्हता, मागून पाण्याची धार जोरात पडत होती. काका माझ्याकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा अभिमान मला दिसत होता. किनाऱ्यावरची माणसे मशीनची पारख आवाजावर आणि धारेवर करतात. पण धार पडते याचा अर्थ पंपाचा इम्पेलर पाणी वर चढवतो आहे, इतकाच आहे. ते पाणी सर्व वाटांनी फिरते का, आणि नको त्या वाटेने कुठे शिरते का, हे धार सांगत नाही. दाबमापक लावला तर वरच्या सिलिंडरमध्ये 120 आणि खालच्यात 115 पीएसआय दाब मिळाला. दोहोंतला फरक दहा टक्क्यांच्या आत असला की आम्ही समाधानी असतो. बावीस वर्षांच्या आसपास वय झालेल्या मशीनला एवढा दाब मिळणे, हे काकांनी 50 लिटरला 1 लिटर हे तेलाचे प्रमाण कधी चुकवले नाही याचे प्रमाणपत्र होते.

मग प्लगच्या भोकातून विजेरी मारून पिस्टनचे माथे पाहिले. वरच्या पिस्टनवर काजळीचा काळा थर होता. खालचा पिस्टन लख्ख होता, नव्या भांड्यासारखा. मुलगा म्हणाला, ‘‘खालचा बरा दिसतो आहे.’’ खरे तर तिथेच आजार होता. तेल जाळणाऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टनवर काजळी धरलीच पाहिजे. ती नसेल, तर आत थोडे थोडे पाणी जाते आहे आणि त्याची वाफ होऊन माथा धुतला जातो आहे, असे समजायचे. दोन स्ट्रोकच्या मशीनला हे फार वाईट असते, कारण त्याच्या क्रँकच्या बेअरिंगना वेगळे तेल नसते. पेट्रोलबरोबर येणारी तेलाची पातळ साय एवढाच त्यांचा आधार असतो, आणि पाणी ती साय धुऊन टाकते.

पाणी येण्याच्या वाटा मोजक्या असतात. हेडचे गॅस्केट, म्हणजे सांधा गळू नये म्हणून मध्ये घातलेला थर, चांगले निघाले, तेव्हा एक्झॉस्टचे, म्हणजे धूर बाहेर जाण्याच्या वाटेचे, कव्हर उघडणे भाग होते. या कव्हरचे बोल्ट म्हणजे आमच्या धंद्याची खरी परीक्षा असते. स्टीलचा बोल्ट, अॅल्युमिनियमचा ब्लॉक आणि दोहोंच्या मध्ये वीस-बावीस वर्षांचे मीठ. घाई करणारा फिटर लांब पान्हा लावून जोर करतो, डोके तुटून हातात येते आणि मग अर्धा दिवस तुटलेला खुंट काढण्यात जातो. मी आदल्या संध्याकाळी तेल मारून ठेवतो. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर पितळी हातोडीने हलकेच ठोकतो, बोल्टभोवतीचा ब्लॉक गॅसच्या बारीक ज्योतीने तापवतो, आणि बोल्ट आधी किंचित आवळतो. आवळताना मिठाचा बंध कडकन सुटल्याचे हाताला कळते; त्यानंतरच तो सोडवायचा, तोही पाव फेरा पुढे, जरासा मागे, असे करत. बहुतेक फिटरना एवढा धीर नसतो, आणि त्यांनी तोडलेले बोल्ट शेवटी माझ्याकडेच येतात. या मशीनचा एकही बोल्ट मी तुटू दिला नाही.

आतली कव्हराची पातळ पट्टी खालच्या बाजूला सुईच्या भोकाएवढी फुटलेली होती. पट्टी नवी मिळते, तेवढ्याने भागले असते तर मला आनंदच झाला असता. पण पट्टी जिथे बसते तो ब्लॉकचा माथाच खालच्या एक्झॉस्ट पोर्टपाशी खाल्लेला होता. पांढरी भुकटी खरवडून काढली, तर खाली खड्डे निघाले. पाण्याची वाट आणि एक्झॉस्टची वाट यांच्यामधली भिंत त्या जागी इतकी पातळ झाली होती, की टोकदार पोगराने दाबल्यावर कण निघत होते. गॅस्केटला बसायला सपाट जागाच उरली नव्हती. खालच्या गिअरचे तेल स्वच्छ, कार्ब्युरेटर स्वच्छ, इग्निशन उत्तम, पंख्याचा शाफ्ट सरळ. आणि या सगळ्यांना धरून ठेवणारा ब्लॉक दोन बोटांच्या जागेत संपलेला.

खाली पाहिले तर जस्ताची वडी जशीच्या तशी होती. मशीनऐवजी स्वतः झिजावी म्हणून ती बसवलेली असते. पण केव्हातरी कोणीतरी सगळ्या मशीनला हौसेने रंग काढला होता आणि वडीवरही काढला होता. रंगाखालची वडी झिजत नाही, मग झिजण्याचे काम ब्लॉकच्या वाट्याला येते. मशीन रंगवून देणारे कितीतरी कारागीर ही एक गोष्ट पाळत नाहीत, आणि याची मला खरोखर चीड येते.

उपाय तीन होते. कुडाळच्या एमआयडीसीत आर्गॉनचे वेल्डिंग करून घेऊन माथा सपाट करून आणता आला असता. पण मीठ भिनलेल्या ओतीव अॅल्युमिनियमला वेल्डिंग घेतले, की त्यात बुडबुडे राहतात. वरून गुळगुळीत दिसणारी जागा आतून सच्छिद्र असते. दुसरा उपाय धातूची लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरण्याचा. ती एखादा हंगाम टिकते, कधी पंधरवड्यात उडते. तिसरा उपाय नवा ब्लॉक. त्याच्याबरोबर क्रँक, पिस्टन, बेअरिंगे आणि गॅस्केटचा संच घेणे आलेच, आणि हा हिशेब नव्या मशीनच्या निम्म्या किमतीच्या वर जात होता. दुरुस्ती निम्म्यावर गेली की बदलावे, असा माझा ठोकताळा आहे. तो खाडीत चालणाऱ्या मशीनला मी सैल लावतो. कर्लीच्या खाडीत मशीन बंद पडले तर वल्ह्यावर काठ गाठता येतो. समुद्रात दुपारचा वारा धरलेला असताना, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या बुडीत खडकांच्या बाजूला होडी सरकत असताना बेअरिंग जाम झाले, तर प्लग पुसून काही होणार नाही.

मी बदला असे सांगितले. मुलाला तेच हवे होते. त्याच्या मनात चार स्ट्रोकचे मशीन होते. ते पेट्रोल कमी पिते, धूर करत नाही, पर्यटकांना त्याचा आवाज सोसतो, हे सगळे खरे आहे. पण ते त्याच ताकदीच्या दोन स्ट्रोकपेक्षा वीसएक किलोने जड असते. काकांच्या होडीची मागची फळी एवढे वजन पेलेल का, आणि जाळी ओढताना मागची बाजू पाण्यात किती बसेल, याचा विचार विक्रेता करत नाही. काकांनी वजनाचे विचारलेच नाही. त्यांनी विचारले, ‘‘मेस्त्रीनू, ह्या नवा मशीन समुद्रात बंद पडला, तर माका उघडूक येतला काय?’’

या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘नाही’ असेच होते. मुलाच्या मनातले मशीन कार्ब्युरेटरचे नव्हते, इंधन इंजेक्शनचे होते, आणि असे मशीन संगणक जोडल्याशिवाय बोलत नाही. काका आपल्या जुन्या मशीनचा कार्ब्युरेटर हलत्या होडीत, अंधारात, एका पान्ह्याने काढून साफ करू शकतात. ही विद्या किमतीत कुठेच धरली जात नाही, आणि सरकारी अनुदानाच्या अर्जातही तिच्यासाठी रकाना नसतो. अनुदान नव्या इंजिनाचा विचार करते. जुने इंजिन जपणाऱ्याला पिंपभर गोड्या पाण्याचीसुद्धा मदत कोणी करत नाही. मी त्यांना सुचवले, की त्याच जातीचे नवे दोन स्ट्रोक मशीन घ्या; जुन्याचा खालचा गिअर, कार्ब्युरेटर, कॉइल, सगळे सुटे भाग म्हणून तुमच्याकडेच राहू दे, ते नव्याला लागू पडतील. मुलाला हे पटले नाही, आणि काकांकडे तेवढे पैसे नव्हते. त्यांनी लांबी भरून द्यायला सांगितले. समुद्रात जाणाऱ्या मशीनसाठी ते काम करायला मी नकार दिला.

ते मशीन त्यांनी दुसरीकडून लांबी भरून, नवी पट्टी घालून जोडून घेतले. ऑगस्टपासून ते चालते आहे. बंदरात ते येताना मला न पाहताही ओळखू येते, इतका त्याचा आवाज चांगला आहे. आसपासचे लोक मला सांगतात, की तुम्ही उगाच घाबरवलेत. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण चालणारे मशीन हाच त्यांचा पुरावा आहे आणि माझ्याकडे फक्त ती पोगराखाली सुटणारी भिंत आहे. ते चालले याचे मला वाईट वाटत नाही; पण मी नकार दिल्यामुळे ते काम माझ्यापेक्षा कमी काळजी घेणाऱ्या हाताने झाले, माथा नीट खरवडून, धुऊन, सुकवूनच लांबी भरली गेली का, हे मला माहीत नाही, आणि हा विचार सुटत नाही. माझा निर्णय आजही तोच आहे. त्याची किंमत मात्र मला मोजावी लागत नाही, ती काकांच्या होडीत बसलेल्या माणसांना मोजावी लागेल.

दिवाळीनंतर काका इम्पेलर बदलायला आले. संगमाजवळच्या वाळूने त्याची पाती झिजली होती. मी इम्पेलर बदलला, वडीवरचा रंग घासून काढला आणि खालच्या सिलिंडरमध्ये पुन्हा विजेरी मारली. पिस्टनवर काजळी धरू लागली होती, मात्र एका कडेला अर्धचंद्राएवढी जागा अजून उजळ होती. ती त्यांनाही दाखवली. एकट्याने बाहेर जायचे नाही, दुसरी होडी नजरेत ठेवायची आणि दर आठवड्याला खालचा प्लग मला आणून दाखवायचा, असे आमचे ठरले आहे. हंगाम संपला की मशीन उघडायला ते तयार आहेत, आणि दोन स्ट्रोकच्या नव्या मशीनचा भाव त्यांनी स्वतःहून विचारून ठेवला आहे.