सहावी पाकळी

मामांच्या मशीनची धार बारीक झाली हे आधी मामींच्या लक्षात आलं. त्या काठावर जाळी सुकवत होत्या. होडी धक्क्याला लागताना म्हणाल्या, "पूर्वी घोड्यासारखं मुतायचं, आता बघा, थेंब थेंब करतंय." मामांनी हसण्यावारी नेलं. "आरं, येतंय ना पाणी? मग झालं."

मशीन म्हणजे होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली १५ हॉर्सपॉवरची दोन स्ट्रोक मोटर. कोकणात आणि सरकारी कागदांत ओबीएम, म्हणजे आउटबोर्ड मोटर, म्हणतात, आमच्याकडे नुसतं 'मशीन'. मामा आणि त्यांचे दोन भागीदार दारणा धरणाच्या फुगवट्यावर तिच्यावर जाळी टाकायला जातात. रोहू, कटला, नशीब असेल तर मरळ. मी नाशिकच्या अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आयुष्यात पंप शेकड्यांनी उघडले असतील, पण ओबीएमला त्या दिवसापर्यंत हात लावला नव्हता.

मागच्या बाजूच्या छोट्या भोकातून बाहेर पडणारी ती धार म्हणजे इंजिन थंड करून आलेल्या पाण्याचा नमुना. या मशीनला ना रेडिएटर ना फॅन. पाण्यात बुडणाऱ्या खालच्या पायात बसवलेला पंप धरणाचं पाणी ओढतो, एका नळीतून वर इंजिनात पाठवतो, तिथली उष्णता घेऊन ते पुन्हा धरणात जातं. धार बारीक, म्हणजे वर पाणी कमी. पाणी कमी, म्हणजे पिस्टन कधीतरी जाम. आमच्या मशीनला गरम झाल्यावर कोकलणारा बझरही नाही, त्यामुळे धार हाच एक साक्षीदार.

धार बारीक झाली की इम्पेलरच, म्हणजे पंपातलं पाणी ढकलणारं रबरी चाकच, गेलं असं नाही. मामांनी आधीच भोकात तार घालून पाहिली होती आणि ते चुकीचं नव्हतं. महिनाभर मशीन नुसतं टांगून ठेवलं तर कुंभारीण माशी त्या भोकात मातीचं घर करते. पण तार आरपार जात होती. खालच्या जाळीत, जिथून पाणी आत ओढलं जातं, तिथेही काही अडकलेलं नव्हतं. त्यातून दिवस उन्हाळ्याचे. नांदूर मधमेश्वरच्या कालव्यांसाठी आवर्तन सुटलं की दारणेचं पाणी झपाट्याने खाली जातं आणि काठाशी होडी चालते ती अर्धी पाण्यात, अर्धी गाळात. ते गढूळ पाणी म्हणजे पंपासाठी पॉलिश पेपरच.

एका मेकॅनिकला विचारलं. मशीन मुंबईला न्यावं लागेल म्हणाला आणि असा आकडा सांगितला की मामा उठून बाहेर तंबाखू मळायला गेले. द्वारका चौकाजवळच्या पार्टच्या दुकानांत चौकशी केली तर पहिला प्रश्न, "कुठल्या गाडीचं?" नाशिकला धरणं मोप, पण समुद्र नाही. शेवटी अलिबागकडच्या एका ओळखीच्या माणसाने मॉडेल नंबरवरून पूर्ण किट पाठवलं, इम्पेलर, तो ज्यात फिरतो ती स्टीलची वाटी, खालची प्लेट, चावी, गॅस्केट, ओरिंग. ट्रॅव्हल्सच्या पार्सलने मुंबई नाक्यावर आलं. नुसता इम्पेलर घ्यायचा मोह झाला होता, पण जुन्या वाटीत नवं रबर म्हणजे जुन्या खडबडीत पाट्यावर ताजं वाटण. किट आलं तरी खर्च मेकॅनिकच्या आकड्याच्या पाचव्या हिश्शातही बसला.

रविवारी सकाळी वाडिवऱ्हे ओलांडून मामांच्या गोठ्यात हजर. ३५-३६ किलोंचं मशीन दोन खांबांमधल्या आडव्या फळीला लावलं. पहिलं काम, दोन्ही प्लगच्या टोप्या काढल्या. काम करताना पाण्यातला पंखा, म्हणजे प्रोपेलर, हाताने फिरवावा लागतो आणि कुठल्याही इंजिनवर माझा तेवढा विश्वास नाही. पेट्रोलचा पाइपही सोडला. मग प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो. स्वतःला फार हुशार समजणारे फिटर फोटो काढत नाहीत आणि संध्याकाळी हातात उरलेला एक वॉशर बघत बसतात.

पाय खाली यायला आधी गिअरच्या सळईचा जोड सुटावा लागतो, नाहीतर चारही बोल्ट काढून ओढत बसा, काही हलत नाही. तीन बोल्ट सुटले, चौथा हटून बसला. समुद्रातल्या मशीनचे बोल्ट मिठाने ॲल्युमिनियममध्ये असे बसतात की डोकंच तुटतं. आपलं गोडं पाणी, त्यामुळे डिझेलमध्ये तासभर भिजवल्यावर, पाना उलटसुलट हळूहळू हलवत हलवत तोही आला. मग लाकडी ठोकळा ठेवून हलके ठोके, आणि पाय लांब उभ्या शाफ्टसकट खाली उतरला. मामांनी खालून धरला होता म्हणून बरं.

पंपाचं घर पायाच्या डोक्यावर, शाफ्टभोवती, चार बोल्टांवर. ते उचललं आणि इम्पेलर दिसला. रबराच्या पाकळ्या नव्या असताना सूर्यफुलासारख्या सरळ असतात. या एका बाजूला वळून तशाच कडक झालेल्या, टोकं जळून चकचकीत. इम्पेलर वाटीच्या मधोमध नसतो, मुद्दाम एका बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे फिरताना पाकळ्या अरुंद बाजूला मिटतात, रुंद बाजूला उघडतात, आणि त्या उघडझापीत पाणी ओढलं आणि ढकललं जातं. मिटलेली पाकळी उघडतच नसेल तर हळू वेगात पाणी येणार कुठून?

पण टोकं जळली कशी? गाळाने रबर झिजतं, जळत नाही. मी मामांना विचारलं, "हे कधी पाण्याबाहेर चालू केलंत का?"

"छे! वर्षातनं एकदाच. खंडेनवमीला."

तर असं होतं. दर खंडेनवमीला मशीन ओट्यावर मांडायचं, झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ, आणि मग देवाला आवाज ऐकवायला दोरी ओढून मिनिट-दोन मिनिटं चालू. पाणी हेच त्या रबराचं वंगण. कोरडं फिरलं तर काही सेकंदांतच ते भाजायला लागतं. दरवर्षी भक्तिभावाने आम्ही त्याचा थोडा थोडा जीव घेत होतो. मीही त्या आवाजाला टाळ्या वाजवल्या आहेत.

इम्पेलर काढताना त्याला शाफ्टशी धरून ठेवणारी अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी उडाली आणि गोठ्याच्या मातीत गेली. किटमध्ये नवी होती, पण हरवलेली चावी आत कुठे राहिली नाही ना, हे कळणं गरजेचं. मी ऐटीत चुंबक काढलं. चावी स्टेनलेसची, चुंबकाला दाद देईना. मामींनी पिठाची जुनी चाळण आणली आणि पाच मिनिटांत काढून दिली.

आणि माझी खरी चूक इथेच झाली. चावी सापडल्याच्या आनंदात जुना इम्पेलर मी डब्यात टाकून दिला. पाकळ्या मोजल्या नाहीत.

नवं बसवणं तसं सोपं. वाटीवरून नख फिरवलं, जुनीत अडकत होतं, नवी बसवली. इम्पेलरला साबणाचं पाणी लावलं, साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं. वरून पाहताना शाफ्ट घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत फिरवत घर खाली दाबलं, म्हणजे सगळ्या पाकळ्या योग्य बाजूला मिटतात. एकदा बसल्यावर उलटं फिरवायचं नाही. शाफ्टच्या दात्यांना बाजूने ग्रीस, माथ्यावर नाही, कारण तिथे साठलेलं ग्रीस शाफ्टला पूर्ण वर बसू देत नाही.

पाय परत चढवणं मात्र वैताग. पाण्याची नळी तिच्या रबरी बुचात, शाफ्टचे दाते वर इंजिनात आणि गिअरची सळई जोडाशी, तिन्ही एकाच वेळी जुळायला हवं. मामा खालून उचलणार, मी टॉर्च धरून "थोडं डावीकडे, डावीकडे हो!" करणार. चौथ्या प्रयत्नात, पंखा किंचित फिरवल्यावर, दाते खट्‌कन बसले. गिअर पुढे, मधे, मागे तिन्ही जागी लागतोय ना, ते पंखा फिरवून पाहिलं आणि मगच बोल्ट आवळले.

२०० लिटरचं निळं पिंप भरलं, पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्याही वर पाणी येईल इतकं. गोठ्याबाहेर, कारण धूर. गाय आधीच नाराज होती. दोरी ओढली. मशीन सुरू. धार आली, पण पूर्वीपेक्षा जेमतेम बरी, बॉलपेनच्या रिफिलएवढी. एवढं सगळं करून?

मामा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं. मशीन बंद करून मी डब्यातून जुना इम्पेलर काढला आणि आता मोजलं. पाच. नवा सहाचा. एक पाकळी मुळापासून तुटलेली, आणि बाकीच्या वळून एकमेकींवर आल्याने ती फट डोळ्याला दिसलीच नव्हती. तुटलेली पाकळी हवेत विरत नाही. पाणी जिकडे जातं तिकडे जाते.

परत सगळं खोललं. या वेळी अर्ध्या तासात, हात बसला होता. नळीत घालायला लांब आणि लवचीक काहीतरी हवं होतं. मामी खिडकीच्या पडद्याची स्प्रिंग काढून घेऊन आल्या. ती खालून वर सरकवली तर वरच्या टोकाशी मऊसर अडलं. ढकललं असतं तर तुकडा इंजिनात गेला असता आणि मग हेड खोलण्याची पाळी. म्हणून स्प्रिंगचं टोक पक्कडीने आकड्यासारखं वाकवलं आणि पिळत पिळत ओढलं. पहिल्यांदा नखाएवढा तुकडा, मग मोठा. मी दोन्ही तुकडे जुन्या इम्पेलरच्या रिकाम्या जागेवर लावून पाहिले. अख्खी पाकळी भरली, काही उरलं नाही. तेव्हा कुठे जिवात जीव आला.

दुसऱ्यांदा पिंपात धार पेन्सिलएवढी जाड आली आणि थेट गोठ्याच्या भिंतीवर. पाच मिनिटांनी हात धरला तर पाणी कोमट, चटका नाही. चढवण्याआधी पाय हातात होता तेव्हाच गिअर ऑइलही पाहिलं होतं. दुधासारखं पांढरं झालं असतं तर सीलमधून पाणी गेलेलं असतं. तेल स्वच्छ होतं. मामांनी धारेकडे बराच वेळ पाहिलं आणि मामींना हाक मारली, "ये, घोडं बघ तुझं."

यंदाच्या खंडेनवमीला मी मुद्दाम रजा टाकून गेलो. मशीन ओट्यावर नव्हतं, पिंपात उभं होतं, हार घातलेला. पिंपालाही हळदकुंकू. मामा दोरीला हात घालणार तेवढ्यात मी ओरडलो. मामींनी पूजेची झेंडूची फुलं पाकळ्या करून पिंपातल्या पाण्यावर उधळली होती, आणि त्यातल्या अर्ध्या हळूहळू खालच्या जाळीकडे निघाल्या होत्या. नारळ बाजूला ठेवून आम्ही तिघं चहाच्या गाळणीने पाकळ्या काढत बसलो.